पाटी-पेन्सिलीच्या आधी : बालवर्गातील मुलांसाठी वाचनाचे खेळ



रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात लहान मुलांच्या आया घटकाभर बोलत उभ्या राहतात. विषय बहुधा ठरलेला असतो. "तुमच्या बाळाला एबीसीडी लिहिता येते का? आमचा अजून पेन्सिलसुद्धा नीट धरत नाही." मूल असते चार वर्षांचे. संध्याकाळी त्याला पुढ्यात बसवून दोन-दोन पाने लिहून घेतली जातात, ते रडते, आई चिडते आणि आजी मध्ये पडते. हे आपल्यापैकी पुष्कळ घरांत घडते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, असते ती भीती. आपले मूल मागे पडेल, पहिलीत प्रवेश मिळणार नाही, बाई नावे ठेवतील, ही भीती.

म्हणून आज थोडे वाचनाविषयी बोलू. चार-पाच वर्षांच्या मुलाचे वाचन लिहिण्यापासून सुरू होत नाही, ते कानापासून सुरू होते. मूल आधी शब्द ऐकते, त्याच्याशी खेळते, तो तोडते, जोडते. नंतर त्याला कळते की भिंतीवरची, पुडीवरची, पुस्तकातली ती काळी चिन्हे म्हणजे कोणीतरी बोललेले शब्दच आहेत. एवढे कळले की अक्षरओळख झपाट्याने होते. ते कळण्याआधी 'अ'ची वही कितीही भरली तरी ती केवळ चित्रकला होते, आणि तीही सक्तीची. शिवाय या वयात मनगटातली हाडे अजून पूर्ण तयार झालेली नसतात, बोटांत ताकद नसते. मूल पेन्सिल नीट धरत नाही याचे कारण बहुतेक वेळा आळस नसून वय हे असते.

आणि पुढे काय होते ते पाहा. 'असर' ही देशभरातील खेड्यांतून मुलांच्या वाचनाची पाहणी करणारी चाचणी. २०२४ च्या पाहणीत तिसरीतील साधारण चार मुलांपैकी एकालाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. ही मुले शाळेत गेली नव्हती असे नाही. अक्षरेही बहुतेकांनी गिरवली असणार. तरी अक्षरे जोडून अर्थ लागेना. म्हणजे अडचण वह्या कमी भरल्याची नाही.

कानाचे खेळ

सर्वांत सोपा खेळ टाळ्यांचा. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना खेळता येतो. आईने शब्द म्हणायचा आणि मुलाने त्याचे तुकडे करून तेवढ्या टाळ्या वाजवायच्या. पेरू : पे-रू, दोन टाळ्या. कांदा : कां-दा, दोन. टोमॅटो : टो-मॅ-टो, तीन. बटाटा, तीन. बाजारातून आणलेली पिशवी रिकामी होईपर्यंत खेळ चालतो आणि मुलाला कंटाळा येत नाही.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण पुढे पुष्कळ मुले तेथेच अडखळतात. मराठीत तोंडात येणारे ठोके आणि कागदावरची अक्षरे नेहमी जुळत नाहीत. 'घर' म्हणताना ठोका एकच पडतो, अक्षरे मात्र दोन. 'कमळ' आपण क-मळ असे म्हणतो, लिहितो तीन अक्षरे. आपल्या शहराचे नावच घ्या ना! तोंडाने ना-शिक, दोन ठोके. कागदावर ना-शि-क, तीन अक्षरे. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. पण जे मूल कानाने नुकतेच शब्द तोडायला शिकले आहे, त्याला 'घर'मधले 'र' हे अक्षर कोठून आले हा खरोखरचा प्रश्न असतो. तेव्हा सुरुवातीला असे शब्द घ्यावेत की ज्यांत ठोके व अक्षरे सारखीच आहेत : काका, मामी, दादा, पोळी, टोपी, दोरी, केळी, पेटी, गादी. हे शब्द हाताशी आले की मग 'घर', 'कमळ', 'नाशिक' यांची पाळी. उजळणीच्या पुस्तकात 'अ अननसाचा' पहिल्या पानावर असतो म्हणून घरातही पहिला शब्द 'अननस'च घ्यावा असा काही नियम नाही. (अननस तरी किती घरांत रोज येतो? आपल्याकडे द्राक्षे येतात!)

दुसरा खेळ शोधाशोधीचा. "या खोलीत 'पा'ने सुरू होणारे काय आहे?" पाट, पाणी, पातेले, पाकीट. मूल धावत सुटते. त्याने 'बादली' आणली तर "नाही" म्हणू नये. "बा-दली. आणि आपल्याला हवाय पा... पा..." एवढे म्हटले की पुरे. 'प' आणि 'ब' हे ओठांवरचे सख्खे भाऊ आहेत, ते मुलाच्या कानाला वेगळे पडू लागले हीच खरी प्रगती.

तिसरा खेळ आपल्या सर्वांचा लाडका, भेंड्यांचा. मोठी माणसे गाण्यांच्या भेंड्या लावतात, मुलांशी शब्दांच्या लावाव्यात. काका म्हटले की काकडी, काकडी म्हटले की डी... डीवर काही सुचेना, तर 'ड'वर या : डबा! डबा म्हटले की बाहुली. नियम ढिले ठेवावेत. पाच वर्षांच्या मुलाशी खेळताना जिंकण्याची हौस मोठ्यांनी आवरावी.

बडबडगीते, आजीने सांगितलेल्या गोष्टी, उखाणे, कोडी ही सर्व याच कामाची आहेत. ज्या आजीला स्वतःला वाचता येत नाही ती नातवाला वाचन शिकवू शकते असे म्हटले तर कोणी हसेल, पण ते खरे आहे. तिच्या गोष्टीतून मुलाला जे शेकडो शब्द मिळतात, तेच शब्द त्याला पुढे पुस्तकात भेटणार असतात. ओळखीचा शब्द वाचणे सोपे, अनोळखी शब्द वाचणे अवघड. मोबाईलवरची गाणी मुलाला गप्प बसवतात हे कबूल, पण मोबाईल मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि आजी देते. एकदा सोडून दहादा देते.

रव्याचे ताट

आता अक्षरांकडे वळू. पूर्वी पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने अक्षरे काढत, म्हणून 'धुळाक्षरे' हा शब्द आपल्याकडे आला. योगायोग असा की इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीही असाच मार्ग धरला. त्या कॅथलिक होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथे खरखरीत कागदाची अक्षरे कापून पाट्यांवर चिकटवलेली असत. मूल त्यांवरून बोट फिरवी आणि त्याच वेळी त्या अक्षराचा उच्चार करी. डोळा, बोट आणि कान, तिघे एकदम कामाला लागत. पेन्सिल नंतर.

आपल्याला काही विकत आणायला नको. एका परातीत किंवा ताटात मूठभर रवा, रांगोळी किंवा चाळलेली वाळू पसरावी. आईने त्यात बोटाने मोठे 'ग' काढावे आणि म्हणावे "ग". मुलाने त्यावरून बोट फिरवावे आणि म्हणावे "ग". ताट हलवले की अक्षर पुसले! चुकले तरी खूण राहत नाही, खोडरबर नाही, लाल शाई नाही. मुलांना हे फार आवडते. खरे म्हणजे पुसणेच जास्त आवडते, पण असू द्या.

अक्षरांचा क्रम 'अ आ इ ई' असाच हवा असे नाही. आपल्या मागच्या पिढ्यांतील अनेकांनी 'ग म भ न' असे गिरवले आहे, आणि त्यात शहाणपण होते. या अक्षरांची वळणे एकमेकांना जवळची आहेत, उभी रेघ तीच. 'म' आला की 'भ' दूर नाही. दर आठवड्याला दोन अक्षरे पुरेत. त्यांना काना आणि दुसरी वेलांटी जोडली की लगेच शब्द तयार होतात : मामा, मामी, नाना, नानी. पहिल्याच महिन्यात मूल खरा, अर्थाचा शब्द वाचते आणि तो शब्द घरात चालत-बोलत असतो! पहिली वेलांटी जरा मागे ठेवावी. ती आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, हे कोडे लहान मुलाला चटकन सुटत नाही.

मुलाचे नाव

मुलाला सर्वांत प्रिय शब्द म्हणजे स्वतःचे नाव. त्याच्या नावाची मोठ्या अक्षरांची चिठ्ठी करून ती दारावर, पाण्याच्या बाटलीवर, खणावर चिकटवावी. घरातील प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी करावी, सकाळी चहाच्या वेळी त्या मुलाने ज्याच्या त्याच्या पुढ्यात ठेवाव्यात. पोस्टमनचा हा खेळ महिनाभर सहज चालतो.

आपल्या घरांत मात्र एक गंमत आहे. आपल्या मुलांची नावे देवनागरीत लिहायला कठीण! अँथनी, क्रिस्टिना, स्टेला, फ्रान्सिस. जोडाक्षर, चंद्र, अनुस्वार, सारे पहिल्याच शब्दात. त्यामुळे पुष्कळ घरांत मुलाचे नाव फक्त इंग्रजीत लिहिले जाते आणि दहा वर्षांच्या मुलालाही आपले नाव मराठीत लिहिता येत नाही. याला घाबरण्याचे कारण नाही. चार वर्षांचे मूल आपले नाव अक्षरे जोडून वाचत नाही, ते ओळखीचा चेहरा पाहावा तसे पूर्ण नाव एकदम ओळखते. 'स्टेला'ला 'स्ट' हे जोडाक्षर आहे हे माहीत असण्याची गरज नाही. तिला एवढेच कळते की हे माझे आहे. पुढे शाळेत जोडाक्षरे आली की ती म्हणेल, "हे तर माझ्या नावात आहे." आणि ॲ, ऑ परके राहिलेले नाहीत. शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवली तेव्हा हे दोन्ही स्वर तिच्यात घेतले. जॉन, रॉबर्ट आणि ॲग्नेस यांना आता वर्णमालेतच जागा आहे.

इंग्रजी शाळा, मराठी घर

"पण बाई, आमचे मूल इंग्रजी माध्यमात आहे. मराठीत खेळून काय उपयोग?" हा प्रश्न येणारच. आपल्या बहुतेक कुटुंबांत तशीच स्थिती आहे. आईवडील मराठीत शिकलेले, मूल इंग्रजी शाळेत, आणि गृहपुस्तिकेतील सूचना समजून घ्यायला शेजारच्या ताईकडे जावे लागते.

उपयोग आहे, आणि मोठा आहे. शब्दाचे तुकडे होतात, चिन्ह म्हणजे आवाज, आणि वाचलेल्याला अर्थ असतो, या तीन गोष्टी मुलाला एकदाच शिकाव्या लागतात. कोणत्याही भाषेत शिकल्या तरी दुसऱ्या भाषेत बरोबर येतात. आणि त्या मराठीत शिकणे सोपे आहे. 'क' या अक्षराचे नाव 'क' आणि आवाजही 'क'. इंग्रजीत अक्षराचे नाव 'सी', पण 'कॅट' या शब्दात त्याचा आवाज 'क' आणि 'सिटी' या शब्दात 'स'. चार वर्षांच्या मुलाने काय समजावे? ज्याच्याकडे मराठीचा पाया आहे त्याला हा गोंधळ पुढे सोसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एक सलग टप्पा मानला, त्यात खेळावर भर दिला, आणि शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले. शाळा निवडणे आपल्या हातात असते किंवा नसते. घरी मराठीत खेळणे नक्कीच आपल्या हातात आहे. मोडक्या-तोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलण्यापेक्षा चांगल्या, भरल्या मराठीत बोलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि ज्या आईला स्वतःला वाचनाची सवय नाही, तिने संकोच करू नये. लक्ष्मीबाई टिळकांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली त्यांचा जन्म झाला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर रेव्हरंड टिळकांच्या खटपटीने त्या घरीच लिहायला-वाचायला शिकल्या, आणि त्यांनीच 'स्मृतिचित्रे' लिहिली. मुलाबरोबर आईही रव्यात बोट फिरवत बसली तर त्यात कमीपणा कसला?

पुस्तक हातात देताना

सुरुवात चित्रांपासून करावी. एक शब्दही न वाचता पुस्तक 'वाचता' येते. "हा मुलगा रडतोय का? पुढे काय होईल? तू असतास तर काय केले असतेस?" माधुरी पुरंदरे यांची मराठी पुस्तके या वयासाठी फार उत्तम आहेत. त्यांतली घरे, भांडी, आजी-आजोबा आपले वाटतात. मराठीतील चित्रकथा 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आईवडिलांचा मोबाईल यासाठी जरूर वापरावा, पण मुलाला मांडीवर घेऊन, बरोबर बसून. आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासून आहे. मुलाला एकदा तेथे नेऊन एवढी पुस्तके एका ठिकाणी असतात हे नुसते दाखवले तरी ते डोळे मोठे करून पाहते.

मूल एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते. आपल्याला कंटाळा येतो, आपण दोन ओळी गाळतो, आणि ते लगेच पकडते : "असं नाहीये!" रागावू नये, आनंद मानावा. छापलेले शब्द रोज तेच राहतात, ते कोणाला मनाला येईल तसे बदलता येत नाहीत, हे त्याला कळले आहे. वाचताना शब्दांखालून बोट फिरवीत जावे. चर्चमध्येही हे सहज करता येते. जे पालुपद मुलाला पाठ आहे, ते सर्वजण गात असताना गीतांचे पुस्तक त्याच्यापुढे धरून ओळीखालून बोट न्यावे. तोंडात शब्द आधीच आहेत, डोळा त्यांना गाठतो. गीताचा क्रमांक शोधून काढण्याचे कामही त्याच्याकडेच द्यावे. चुळबूळ कमी होते हा वरचा लाभ!

वडिलांसाठी एक खेळ

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या वडिलांना वेळ कमी मिळतो. त्यांच्यासाठी चिठ्ठीचा शोध. रात्री पाच चिठ्ठ्या लिहाव्यात, प्रत्येकीवर एकच शब्द. पहिली मुलाच्या हातात : 'टोपी'. टोपीखाली दुसरी : 'गादी'. गादीखाली तिसरी : 'पेटी'. शेवटच्या चिठ्ठीपाशी शेंगदाण्याची चिक्की. सुरुवातीला शब्दाशेजारी छोटे चित्र काढावे, आठवड्याने चित्र बंद. वडील कामावर गेलेले असतात आणि मूल सकाळी त्यांच्या हस्ताक्षरामागे घरभर धावते. सुटीच्या दिवशी दुचाकीवरून जाताना पाट्या वाचाव्यात, सिटीलिंक बसवर 'पंचवटी' आहे की 'नाशिकरोड' ते मुलाला ओळखू द्यावे. बिस्किटाचे, साबणाचे, चहाचे रिकामे वेष्टन कापून ठेवले तर 'दुकान-दुकान' खेळता येते. ते नाव मूल 'वाचते' ते रंगावरून, हे खरे, पण ते रंगावरून अक्षरांकडे येतेच. सामानाची यादी करताना त्यालाही कागद द्यावा. त्याने नुसत्या रेघोट्या ओढल्या तरी "काय काय लिहिलेस, वाचून दाखव" असे म्हणावे. ते वाचून दाखवते, आणि यादीत हमखास चॉकलेट असते.

साधने नाहीत अशी सबब चालणार नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. बिया, शिंपले, पाने, खडे हेच तेथील शिक्षणसाहित्य. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून 'अंगणवाडी' आली, आणि १९७५ च्या सरकारी योजनेमुळे हा शब्द देशभर गेला. आपल्या घरात त्या पाड्यांपेक्षा काही कमी सामान नाही.

दिवसाला पंधरा मिनिटे पुरेत. मूल उठून गेले तर जाऊ द्यावे, खेळ संपला. थोरल्या बहिणीशी किंवा शेजारच्या मुलाशी तुलना करू नये, निदान त्याच्यासमोर तरी नाही.

मात्र एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. मूल हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्ही फार मोठा लावत असेल, पाच वर्षांचे होऊनही बोलणे घरच्यांखेरीज कोणाला समजत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी व कान फुटणे यामुळे ऐकणे कमी होते, आणि मग 'प' आणि 'ब' सारखेच वाटतात. पुस्तक नाकाशी धरत असेल तर डोळे तपासावेत. आणि पहिलीचे वर्ष सरत आले, भरपूर खेळ झाले, तरीही दोन अक्षरे जोडता येत नसतील, तर मारझोड व शिकवणी यांच्या आधी वर्गशिक्षिकेशी निवांत बोलावे आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.